क्रॅब अ‍ॅपल कोकणात येईल का? नसेल तर अंगणात फुलणारं झाड कुठलं लावावं?

पडवीतून

जागा देवगड तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत साधारण ४०० मीटर. प्लॉट साडेचार गुंठे, चिऱ्याचं कौलारू घर, तोंड पूर्वेला, पुढे खळं, म्हणजे अंगण. खळ्याच्या बाजूला कातळ अगदी वर आहे, चार-सहा बोटं माती आणि खाली कुदळ खणखणते. मागीलदारी पश्चिमेला जमीन उतरती, तिथे दोन-अडीच फूट लाल माती. विहीर ईशान्येच्या कोपऱ्यात. दक्षिणेकडून विजेची तार जाते.

परदेशातल्या बागांच्या फोटोंत क्रॅब अ‍ॅपल बघितलं. पंधरा-वीस फुटांचं झाड, वसंतात अख्खं गुलाबी-पांढरं, नंतर बोराएवढी लाल फळं आणि त्यांवर पक्षी. आकार आपल्या अंगणाला बरोबर वाटतो. इथे जगेल का? नसेल तर तीन-चार झाडं सुचवा. झाडंच हवीत, झुडपं नकोत. खड्डे मे महिन्यात काढून घेणार आहे.

रोपकलम

जगेल कदाचित, फुलणार नाही.

क्रॅब अ‍ॅपल ही सफरचंदाचीच भावंडं, फक्त फळ दोन इंचांच्या आतलं. थंडीत या झाडांची वाढ थांबते आणि ती पुन्हा सुरू व्हायला ७ अंशांखालच्या गारठ्याचे कित्येकशे तास अंगावरून जावे लागतात. देवगडला जानेवारीतल्या पहाटेसुद्धा पारा तिथवर येत नाही. थंडीचा कोटा पुरा झाला नाही की कळ्या एकदम फुटत नाहीत. फांदीच्या टोकाला पानांचा झुबका, खाली उघडी काडी, फुलं असलीच तर चार इथे दोन तिथे. शिवाय चार महिने पानं ओली. या कुळाला स्कॅब नावाची बुरशी लागते, तिला हेच हवं असतं.

हिमाचल-काश्मिरात क्रॅब अ‍ॅपल लावतात ते बहुतेक परागीकरणासाठी. सफरचंदाच्या बागेत मधे मधे मंचुरियन, स्नोड्रिफ्ट, गोल्डन हॉर्नेट अशा जातींची झाडं ठेवतात, कारण सफरचंदाच्या बऱ्याच जातींना फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. ऑनलाइन 'हरिमन ९९' म्हणून कमी थंडीचं रोप विकतात, ते क्रॅब अ‍ॅपल नव्हे, सफरचंद. तुमच्याकडच्या पावसात त्याच्यावरही पैसे घालू नका.

परदेशातल्या बागवाल्यांकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. जाणता माळी क्रॅब अ‍ॅपल फुलाच्या रंगावरून निवडत नाही. फुलं टिकतात एक-दोन आठवडे, झाड उरलेले पन्नास आठवडे समोर असतं. तो आधी बघतो की जात स्कॅबला दाद देते का, फळं खाली पडून चिखल करतात की फांदीवर टिकतात, वाढ पसरट की उभी. रंग शेवटी. तुम्ही स्कॅबच्या जागी वारा, खार आणि कातळ धरा आणि याच क्रमाने निवडा.

खारावारा

पानं गळलेल्या फांद्यांवर गुलाबी फुलांचे घोस, अगदी तोच देखावा फुकटात हवा असेल तर गिरिपुष्प. हसू नका. जानेवारी ते मार्चमध्ये न छाटलेलं गिरिपुष्प बघा. कुंपणातली फुलत नाहीत कारण दरवर्षी पाल्यासाठी त्यांची मान कापली जाते. एक झाड दोन वर्षं न छाटता सोडा. मनगटाएवढ्या जाडीची चार-पाच फुटांची मेढ पहिल्या पावसात दीड फूट खोल ठोकली की काम झालं.

जरा घरंदाज काही हवं असेल तर कांचन. फेब्रुवारी ते एप्रिल, निष्पर्ण फांदीवर फुलं, उंची वीस-पंचवीस फुटांत राहते. पण खाऱ्या वाऱ्यात नको, घराच्या आडोशाला लावा.

फळांचं म्हणाल तर क्रॅब अ‍ॅपलची जेली करतात, कारण फळ आंबट आणि पेक्टिन भरपूर. तेच काम करवंद करतं. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला चार जाळ्या लावल्या की गुरंही आत येत नाहीत.

गडगा

नावं सुचवण्याआधी प्लॉट कागदावर मांडा. साडेचार गुंठे म्हणजे ४,९०० चौरस फूट, अंदाजे ७० बाय ७०. घर, खळं, विहीर, शोषखड्डा, गाडी वळवायची जागा वजा केली की मोठ्या झाडाला दोन, फार तर तीन जागा उरतात. यादी दहा नावांची केली तरी जागा तेवढ्याच.

पश्चिम ही तुमची वाऱ्याची बाजू. तिथे पहिली ओळ फुलासाठी नाही, आडोशासाठी. किनाऱ्यावर उंडीसारखं झाड नाही. खारं वारं, वाळू, वादळ सगळं सोसते आणि पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस देते. पण पूर्ण वाढलेली उंडी तुमच्या प्लॉटचा पाव हिस्सा व्यापेल. ती आगराला, म्हणजे माडा-पोफळीच्या मोठ्या बागेला, शोभते. तुम्ही भेंड लावा. हृदयाकृती पानं, पिवळं फूल, मधे गर्द लाल ठिपका, संध्याकाळपर्यंत तेच फूल गुलाबी होतं. जवळजवळ वर्षभर फुलते. फांदी टोचून येते, छाटून दहा फुटांत ठेवता येते. दीड मीटरवर एक अशी ओळ करा. दोन पावसांत तिच्या आड दुसरी झाडं उभी करता येतील.

उताराच्या तळाशी, जिथे पावसाळ्यात पाणी रेंगाळतं, तिथे ताम्हण. तो ओढ्याकाठचा रहिवासी, पाय ओले राहिले तरी कुरकुरत नाही. एप्रिल-मेमध्ये जांभळी फुलं, राज्याचं फूल म्हणून मिरवणारंही तेच. ऊन मात्र पूर्ण हवं.

तारेखाली पारिजातक, आठ-नऊ फुटांत छाटून. विहिरीजवळ मोठं काहीच नको. चिऱ्याच्या बांधकामात मुळं शिरली की विहिरीचा काठ आत येतो.

गुलमोहोर, पिचकारी आणि सातवीण घरापासून चाळीस फुटांच्या आत नकोत. पहिल्या दोघांचं लाकूड ठिसूळ आणि गुलमोहोराची मुळं पसरट, वरच्या वर. सातविणीच्या फुलांचा वास लांबून बरा, खिडकीशी डोकं उठवतो.

पडवीतून

भेंड आणि ताम्हण पटलं. पण खळ्याच्या बाजूला सुरंगी हवी आहे, घरातल्या सगळ्यांचा हट्ट आहे. कातळावर सुरंगी होते का? आणि सोनचाफा कुठे?

कातळफोड

होते, खड्डा नीट असला तर. कोकणात झाड मरतं ते बहुतेक वेळा जातीमुळे नाही, खड्ड्यामुळे. म्हणून जरा सविस्तर.

कातळात ब्रेकरने तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा काढतात, माती-शेणखत भरतात, रोप लावतात. जुलैत तो खड्डा म्हणजे सिमेंटची टाकी होते. चारही बाजूंनी जांभा, पाणी जायला वाट नाही. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात. माणसाला वाटतं खत कमी पडलं, तो युरिया टाकतो, आणि गणपतीपर्यंत रोप आडवं. उपटून बघा, मुळं काळी आणि सालीचा बोळा हातात येतो.

म्हणून खड्डा काढल्यावर आधी तो पाण्याने काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा असेल तर नशीब, खाली भेग आहे. निम्म्याहून जास्त पाणी उरलं असेल तर दोन मार्ग.

जागा उतरती असेल तर खड्ड्याच्या तळापासून उताराच्या दिशेने नऊ इंच रुंद चर काढा. चराचा तळ खड्ड्याच्या तळाएवढाच खोल हवा. हे लोक विसरतात, वरवर चर काढतात आणि खालच्या दीड फुटात पाणी तसंच राहतं. चरात चिऱ्याच्या कपच्या भरा, वर नारळाची सोडणं, मग माती.

जागा सपाट असेल, तुमच्या खळ्यासारखी, तर पार बांधा. सहा फूट व्यासाचा, दोन फूट उंच, चिऱ्याचा, पण सांध्यांत सिमेंट न घालता. पाणी सांध्यांतून जायला हवं. पाराच्या आतला कातळ दोन-तीन फूट ब्रेकरने फोडून ठेवा, तुकडे बाहेर काढायची गरज नाही. मुळं त्या फटींतून खाली जातात आणि झाड वाऱ्यात धरून राहतं. न फोडता नुसता पार बांधला तर झाड कुंडीतच आहे असं समजा, पहिल्या मोठ्या वादळात मातीच्या गड्ड्यासकट उलटेल.

मातीचा हिशेब: तीन फुटी खड्ड्याला २७ घनफूट, म्हणजे पाव ब्रासपेक्षा जरा जास्त (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). असा पार भरायला अर्ध्या ब्रासच्या थोडं वर. भाताच्या कोपरातली चिकण माती आणू नका, ती उन्हाळ्यात चिऱ्यासारखी होते. डोंगरउताराची लाल भुसभुशीत माती किंवा नदीकाठचा पोयटा बरा. पाव ब्रासला कुजलेलं शेणखत पाच-सहा घमेली, करंजाची किंवा निंबोळीची पेंड एक किलो, सिंगल सुपर फॉस्फेट अर्धा किलो. शेणखत कुजलेलंच, हातात घेतल्यावर वास नको आणि गरम लागायला नको. कच्च्या शेणात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. वाळवीला आवडणाऱ्या काटक्या आणि पेंढा खड्ड्याच्या तळात भरण्याची जुनी पद्धत आहे, ती सोडा.

खड्डा भरताना जमिनीपेक्षा आठ इंच वर भरा. पहिल्या पंधरा दिवसांच्या पावसात माती तेवढी बसते. सपाट भरलात तर रोप खळग्यात जाईल.

खड्डे एप्रिलअखेर काढून दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या, मेच्या शेवटी भरा.

मागीलदार

सुरंगीचं एक लक्षात ठेवा. नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांपासूनच्या रोपात कुठलं आलं हे पहिली फुलं येईपर्यंत कळत नाही आणि त्यासाठी दहा वर्षं सहज जातात. वळेसरासाठी, म्हणजे गजऱ्यासाठी, फुलं हवीत तर नर झाड चांगलं, फुलोरा दाट असतो. म्हणून सुरंगीचं कलम घ्या आणि रोपवाटिकेत विचारा, काडी कुठल्या झाडाची. सांगता आलं नाही तर पुढच्या रोपवाटिकेत जा. वेंगुर्ले तालुक्यात आसोली-आरवलीकडे सुरंगीचा धंदाच आहे, त्या बाजूला माहीतगार भेटतात.

फुलं फेब्रुवारी ते एप्रिल, थेट जुन्या फांद्यांच्या सालीवर चिकटून. याचा अर्थ सुरंगीच्या आतल्या जाड फांद्या 'मोकळं करायला' म्हणून छाटायच्या नाहीत. त्याच फुलतात. कळी उमलण्याआधी पहाटे काढायची असते, म्हणून चार फुटांवर शेंडा खुडून झाड बसकं वाढवा, नाहीतर पुढे शिडीशिवाय फूल हाती लागत नाही. झाडावर ओंबीलांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, घरटी होतात, तेवढी तयारी ठेवा.

सोनचाफा कलमीच. बियांचं झाड पन्नास फूट जातं आणि फुलायला आठ-दहा वर्षं घेतं. कलम दुसऱ्या वर्षीच फुलतं, दरवर्षी छाटून आठ-दहा फुटांत ठेवता येतं. वसई भागात चाफ्याच्या वाड्या आहेत, तिथे फूल उभ्याने तोडता येईल एवढीच उंची राखतात. नव्या फुटव्यावर फूल येतं, त्यामुळे छाटणीने फुलं कमी होत नाहीत, वाढतात. तुमच्याकडे मागीलदारी, भेंडीच्या ओळीच्या आत, घरापासून दहा-बारा फुटांवर. भेंड वाढेपर्यंत पहिली दोन वर्षं पश्चिमेला झापांचा किंवा शेडनेटचा आडोसा करा.

रोप निवडताना उंची बघू नका. अडीच-तीन फुटांचं, बुंधा पेन्सिलीहून जाड, कलमाचा सांधा पूर्ण भरलेला. पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत गेली असतील तर ते रोप खूप दिवस तिथेच पडून आहे, नको. सांध्याला प्लास्टिकची पट्टी असेल तर लावताना ब्लेडने उभी चिरा. पट्टी तशीच राहिली की दोन वर्षांनी तिथे गळफास बसतो आणि वाऱ्यात कलम नेमकं तिथेच मोडतं.

खारावारा

कलमांचं इतकं कौतुक नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आलं तेव्हा तिथल्या वाड्यांत आंब्या-माडांचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. कलम पिशवीत वाढतं, सोटमूळ तळाशी गुंडाळलं जातं, आणि ते गुंडाळलेलंच जमिनीत जातं. वरून झाड डौलदार, खाली आधार नाही.

बकुळीचं बी जागेवर टोचा. ओवळाइतकं, म्हणजे या बकुळीइतकं, किनाऱ्याला रुळलेलं दुसरं फुलझाड नाही. बारमाही हिरवं, लाकूड चिवट, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, पिकलेली फळं पक्ष्यांना. वाढ संथ, पहिली दोन-तीन वर्षं वर्षाला फूटभरही जाणार नाही. त्यात काही बिघडलं नाही, खाली मूळ जातंय. वाऱ्याक आडोसो नसलो तर खयचाच झाड उभा रवाचा नाय, पण ओवळ रवता.

रोपकलम

सोटमुळाचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष अर्धा. सुरंगी-चाफ्याला बियांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. गुंडाळलेलं मूळ लावतानाच सोडवता येतं.

पिशवी बाजूने चिरा. तळाचा एक-दीड इंचाचा मुळांचा चकता धारदार सुरीने सरळ कापून टाका. गड्ड्याच्या कडेला फिरलेली मुळं दिसत असतील तर दोन-तीन उभे काप द्या, अर्धा इंच खोल. रोपाला धक्का बसेल म्हणून लोक हे टाळतात. पावसाळ्यात लावलेलं रोप तो धक्का पंधरा दिवसांत विसरतं, गुंडाळलेलं मूळ मात्र कधीच सरळ होत नाही.

लावताना कलमाचा सांधा मातीपासून चार-सहा इंच वर. सांधा मातीत गेला तर वरच्या काडीलाच मुळं फुटतात किंवा सांधा कुजतो. आणि पहिली तीन वर्षं दर महिन्याला सांध्याखाली बघा. खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या रोपाला, फूट आली की बोटाने मोडून काढा. ती जोमदार असते, दोन पावसांत वरच्या कलमाला मारते आणि फूल आल्यावर कळतं की आपण सोनचाफा नाही, खुंट वाढवला.

आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे नैर्ऋत्येला. बांधायला सुंभ, इंग्रजी आठच्या आकारात, काठी आणि खोड यांच्यामध्ये पीळ. नायलॉनची सुतळी नको, साल कापते. काठी रोपाच्या निम्म्या उंचीपर्यंतच, वरचा भाग हलू द्या. हलल्यानेच खोड जाड होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काठी काढून टाका.

गडगा

बकुळीचं बी टोचायचं तर ताजं. फळ खाऊन झाल्याबरोबर. आणि सोनचाफ्याचं बी कुणाला हौस म्हणून लावायचंच असेल तर त्यावरचा लाल गर राखेत चोळून काढून त्याच आठवड्यात पेरा, वाळलेलं उगवत नाही.

बहाव्याचं उलटं. बी वर्षानुवर्षं टिकतं, पण कवच इतकं टणक की पाणी आत जात नाही. बियांच्या एका कडेला कानस घासून आतला पांढरा भाग दिसेपर्यंत झिजवा, रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा.

पडवीतून

लागवड नेमकी कधी? पहिल्या पावसात की जोर ओसरल्यावर? आणि पाणी किती? विहिरीला एप्रिलनंतर जेमतेम घरापुरतं पाणी असतं.

कातळफोड

मागीलदारी उतारावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, माती फूटभर ओली झाल्यावर. कातळातल्या खड्ड्यात आणि पारात ऑगस्टअखेर, पावसाचा जोर ओसरल्यावर. तेव्हा मुळं कुजण्याची भीती कमी आणि दिवाळीपर्यंत दोन-अडीच महिने ओल मिळते.

पाणी पहिल्या वर्षी नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा-वीस लिटर. दुसऱ्या वर्षी आठवड्याला एकदा, वीस-पंचवीस लिटर. तिसऱ्या वर्षी दहा-बारा दिवसांनी. रोज तांब्याभर घालणं सगळ्यात वाईट, मुळं वरच राहतात आणि एक आठवडा गावाला गेलात की झाड गेलं. विहीर आटत असेल तर मडकी पुरा. दहा लिटरचं न भाजकं दिसणारं, म्हणजे कमी भाजलेलं, पाझरणारं मडकं, रोपापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत गाडून झाकण ठेवा. दर तीन-चार दिवसांनी भरायचं. दुसऱ्या वर्षी मडकं फूटभर लांब सरकवा, मुळं त्याच्या मागे जातात.

चार झाडांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला १२० ते १६० लिटर पाणी लागेल. तेवढं झेपणार नसेल तर या वर्षी दोनच झाडं लावा.

मागीलदार

आच्छादन पातेऱ्याचं, म्हणजे वाळलेल्या पानांचं, चार बोटं जाड, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकवलं की पावसाळ्यात बुरशी आणि उन्हाळ्यात वाळवी. खोडावर मातीचे ओघळ दिसले की वाळवी चढतेय असं समजा. ते खरवडून काढा आणि खाली उकरून पेंड मिसळा. हिरव्या रोपाला वाळवी सहसा मारत नाही, पाण्यावाचून अर्धमेलं झालेल्याला संपवते.

फेब्रुवारी ते मे कातळावरचं गवत वणव्याला वाट देतं. तुमच्या पाराभोवती सहा फूट गवत जानेवारीतच कापून घ्या, नाहीतर तेच आच्छादन पेट घेईल.

भात कापणी झाली की गुरं मोकळी सुटतात. चाफ्याचा कोवळा शेंडा आणि भेंडीचा पाला त्यांना फार आवडतो. वई, म्हणजे कुंपण, पहिल्या पावसाळ्यातच घाला, डिसेंबरात घालू म्हणाल तर घालायला काही उरणार नाही. वानरांवर उपाय नाही. चाफ्याच्या कळ्या आणि कोवळी पालवी ओरबाडतात. कलम झापांच्या पिंजऱ्यात ठेवणं एवढंच दोन वर्षं करता येतं.

जांभळीचाआगर

मधेच विचारतो. गेल्या पावसाळ्यात बहाव्याचं रोप अळ्यांनी पानाच्या शिरांपर्यंत खाल्लं. फवारावं का? आणि रोपवाटिकेतून 'अशोक' आणला आहे, उभा सरळ वाढतोय, फुलं कधी येतील?

गडगा

अशोकाचं आधी. उभा सुळक्यासारखा वाढतोय, पानं लांब आणि कडा लहरी, तर तो आसुपालव. फुलतो, पण हिरवट बारीक, दिसणारही नाहीत. सीतेचा अशोक वेगळा. त्याची नवी पालवी लोंबती, तांबूस, मऊ फडक्यासारखी, आणि फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये नारिंगी-लाल गेंदांची, थेट फांदीवर. त्याला अर्धी सावली आणि सतत ओल लागते. सुपारीच्या वाडीत, पाटाकडेला सुखात राहतो, उघड्या कातळावर पानं करपतात. पडवीतून यांच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घराच्या सावलीत जागा असेल तर तिथे.

बहाव्यावरच्या हिरव्या अळ्या पिवळसर फुलपाखरांच्या. मोठं झाड पुन्हा पालवतं, काही करू नका. तीन फुटांखालचं रोप असेल तर हाताने वेचा. वर्षातून दोनदा पूर्ण निष्पर्ण झालं तर मात्र वाढ खुंटते, तेव्हा लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण, संध्याकाळी, पावसाची उघडीप बघून. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

रोपकलम

चाफ्यावर खवले कीड येते. फांदीवर राखाडी-तपकिरी टिकल्या, खालची पानं काळी आणि मुंग्यांची रांग. काळं पुसू नका, आधी मुंग्या थांबवा. त्याच कीड सांभाळतात. कीड जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, मग वर सांगितलेलं निंबोळी तेल.

पावसाळ्याआधी मेअखेर सगळ्या कलमांच्या खोडाला दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी हे मूळ प्रमाण. चार झाडांना शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर पुरतं. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडाच्या भांड्यात नाही. चुना वेगळा विरवा, गाळा, थंड होऊ द्या, मग दोन्ही एकत्र ओता. पॉलिश नसलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. केलेलं त्याच दिवशी संपवा.

खारावारा

एक राहिलं. पावसाआधीच्या वादळी वाऱ्यात समुद्राचा फवारा चारशे मीटर सहज येतो आणि मागून पाऊस पडला नाही तर मीठ पानावरच वाळतं. दोन दिवसांत चाफ्याच्या पानांच्या कडा तपकिरी होतात. त्याच दिवशी गोड्या पाण्याने पानं धुऊन काढा, दुसऱ्या दिवशी उपयोग कमी. करपलेली पानं तोडू नका, नवी फूट आली की आपोआप गळतात. अशा वेळी खत तर मुळीच नको.

आणि पार वर्ष-दोन वर्षांनी बांधणार असाल तर तोवर कातळावर देवचाफ्याची फांदी लावून टाका. दोन फुटांची जाड फांदी मार्च-एप्रिलमध्ये तोडून चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मग चार इंच माती असली तरी दगडांनी आधार देऊन उभी करा. खार सोसतो, पाणी मागत नाही. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी पूड दिसेल, तो तांबेरा. पानं गोळा करून जाळा, झाडाला काही होत नाही.

पडवीतून

ठरलं. पश्चिमेला भेंड, तळाशी ताम्हण, मागीलदारी कलमी सोनचाफा, आणि खळ्याशी पार बांधून सुरंगी. पारिजातक तारेखाली. त्याची छाटणी कधी करायची, फुलं संपल्यावर लगेच?

गडगा

पारिजातकाची जानेवारीत, फुलं आणि फळं संपल्यावर, जमिनीपासून तीन फुटांवर बेधडक कापा. नव्या फुटीच्या टोकालाच फूल येतं, श्रावणात पुन्हा बहर. ताम्हणही नव्या फुटीवर फुलतो, त्याची पानं गळल्यावर नवी पालवी फुटण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चनंतर त्याला कात्री लावली तर त्या वर्षीची फुलंच कापलीत. सुरंगीला सुकलेल्या फांद्या सोडून हात लावू नका. तारेच्या बाजूची छाटणी मात्र स्वतः करू नका. वीज कार्यालयात कळवून लाइन बंद करून घ्या, पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत त्यांची माणसं येतातच. आणि प्लॉट नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर मोठं झाड पाडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते. ताम्हण नको त्या जागी लावून पुढे तोडू म्हणाल, तर तेवढं सोपं नाही. जागा आत्ताच दोरी धरून मोजा.